तुझ्या कादंबरीतली आई

हिल्डेसहाइम,
५ नोव्हेंबर १९६१

प्रिय फोल्कमार,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला याला सर्दीखोकला, मुलींची शाळा, हिवाळ्याआधी खिडक्यांना रंग अशी कितीतरी कारणं देता आली असती आणि तुला ती पटलीही असती, कारण मी कायम कुठल्या ना कुठल्या घरकामात बुडालेली असते अशी तुझी समजूत आहेच. कादंबरीतही तू मला तसंच ठेवलं आहेस. तिथली बहीण सबंध तीनशे पानांत बटाटे सोलते आणि दोनदा रडते. तर कारण काही नाही. तीनदा कागद पुढे ओढला आणि तीनदा 'प्रिय'च्या पुढे पेन हलेना. आज रविवार आहे. राइनहोल्ट मुलींना घेऊन त्याच्या आईकडे गेलाय, घरात कोणी नाही. आज लिहून होईल.

आधी तुझ्या मागण्यांचं बघू. आईची खोली आम्ही रिकामी केली. बाबांनी रशियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून पाठवलेली कार्डं बिस्किटांच्या जुन्या डब्यात सापडली. अकरा आहेत, एकेकावर पंचवीसच शब्द, त्याहून जास्त लिहू देत नसत. ती तुला हवी आहेत. आईचे लग्नाआधीचे फोटोही हवे आहेत. आणि पुढे तू लिहिलंयस, 'त्या हिवाळ्याविषयी तुला जे आठवतं ते मोकळेपणाने लिही, लिंडे. आता आई नाही, आता संकोच कसला?' दुसरं पुस्तक सगळंच आईवर करायचं आहे म्हणे. बरं. मोकळेपणाने लिहिते.

अंत्यविधीच्या दिवशी तुझ्याशी दोन वाक्यंही धड बोलता आली नाहीत. तू हॅम्बुर्गहून आलास तोच थेट कबरस्तानात, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मधल्या वेळात चर्चच्या दालनात कॉफी होती. लोण्याचे केक मी आदल्या दिवशी भाजले होते, चार पराती भरून. मला वाटलं होतं पंधरा-वीस माणसं येतील. साठ आली. दीड वर्षात जिच्या घरची पायरी कोणी चढलं नव्हतं तिच्या कॉफीला साठ माणसं! ती आईसाठी आली नव्हती हे तुलाही माहीत आहे. तू चमच्याने पेला वाजवलास, उभा राहिलास, सगळे गप्प झाले. मी तेव्हा दाराशी किटली घेऊन उभी होते. तुझं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'माझी आई संत नव्हती,' तू म्हणालास. 'त्या हिवाळ्यात तिने जे केलं ते आम्हा पोरांना जगवायला केलं. मी तिला केव्हाच माफ केलंय. आज तुम्हा सगळ्यांसमोर पुन्हा एकदा करतो.' बायकांनी रुमाल काढले. टेग्टमायरबाई माझ्या शेजारी बसली होती. आपण पडक्या घरात राहायचो तेव्हा तळमजल्यावर राहणारी, सगळ्यांच्या घरात नाक खुपसणारी टेग्टमायरबाई, आता थकली आहे पण नाक तेवढंच लांब. ती माझा हात धरून म्हणाली, 'एवढ्या मोठ्या मनाचा मुलगा मिळायला भाग्य लागतं गं बाई,' आणि केकचा दुसरा तुकडा उचलला. मी तिच्या कपात कॉफी ओतली. एक थेंब बशीत सांडला नाही. चौदा वर्षांची सवय आहे.

तुझी कादंबरी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये टपालाने आली. पहिल्या पानावर तू लिहिलं होतंस, 'आईस, जिने मला जगवलं.' आईने आधी पुस्तकाला तपकिरी कागदाचं वेष्टन घातलं, आपल्या शाळेच्या पुस्तकांना घालायची तसं, कोपरे दुमडून. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तीन दिवस वाचलं. तिला वाचायची सवय कुठे होती? ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचायची. मी रोज दुपारी जाऊन बसत होते. मी ते आधीच वाचून काढलं होतं, पुस्तकांच्या दुकानातून आणून, आणि ती कोणत्या पानावर पोहोचली ते तिच्या चेहऱ्यावरून कळतंय का ते बघत होते. काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने चष्मा काढला, काचा एप्रनच्या टोकाने पुसल्या आणि म्हणाली, 'छान लिहितो गं. बाबांच्या तुटक्या बोटाचं तर अगदी हुबेहूब लिहिलंय.' थोड्या वेळाने म्हणाली, 'नदीत मात्र उगाच ढकललंय त्यांना. पाण्याला किती घाबरायचे ते.' बस. तीनशे पानांवर एवढंच.

त्या नदीचं मलाही विचारायचं होतं. आपले बाबा अठ्ठेचाळीस साली परत आले. घड्याळं दुरुस्त करत सात वर्षं जगले आणि पोटाच्या दुखण्याने आपल्या अंथरुणात गेले. शेवटचे चार महिने आई त्यांच्या उशाशी भांडं धरून बसायची. तुझ्या पुस्तकातले बाबा परत येतात, बायकोचं कोळशाच्या वखारवाल्याशी काय चाललं होतं ते त्यांना कळतं आणि एका सकाळी ते इनर्स्टे नदीत चालत जातात. भांड्यापेक्षा नदी वाचायला बरी, हे मलाही समजतं. पुस्तकात लोक असं करतात. पण वर्तमानपत्रवाल्याने तुला विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस? 'नावं बदलली आहेत. बाकी सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.' ते कात्रण राइनहोल्टने घरी आणलं होतं, अभिमानाने. त्याच्या शाळेत सगळे शिक्षक वाचत होते. युद्धानंतरच्या आपल्या समाजाला कोणीतरी आरसा दाखवला म्हणून त्यांना कोण आनंद!

तो आरसा घेऊन तू हॅम्बुर्गला राहिलास. आई इथे राहिली. नावं बदलून काय होतं रे? गोस्लार रस्त्यावरचं अर्धं जळालेलं घर, समोर कोळशाची वखार, घड्याळं दुरुस्त करणारा बाप, आजारी मुलगा. गावाला ओळखायला अर्धा दिवस लागला. खाटकाच्या दुकानात आई शिरली की बायका बोलायच्या थांबायच्या आणि ती बाहेर पडली की सुरू व्हायच्या. चर्चच्या शिवणमंडळात ती अकरा वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. मे महिन्यात एका बुधवारी त्या खुर्चीवर कोणाची तरी पिशवी होती. 'आज जागा नाही हो, हेन्रिएटे,' असं तिला सांगितलं. सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. आई शिवणाचा डबा घेऊन तशीच घरी आली आणि उरलेले पडदे तिने घरी बसून पुरे केले आणि माझ्या हाती पाठवून दिले. आणि पुस्तकांच्या दुकानातली ती नवी पोरगी तर एक प्रत आणि पेन घेऊन तिच्या मागे रस्त्यात धावत आली होती. 'तुम्ही त्याच ना? सही कराल?' आईने सही केली. मी विचारलं, कशाला केलीस? म्हणाली, 'तिला बिचारीला काय माहीत? तिला वाटलं, चांगलंच काहीतरी मागतोय आपण.'

आणि वखारवाला ब्रून्स. तो अजून आहे. कोळसा गेला, आता घराघरांत तेलाच्या शेगड्यांना तेल पुरवतो, दोन टँकर आहेत, चर्चच्या नव्या घंटेसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या समितीवर आहे. तुझ्या पुस्तकात तू त्याला उदास डोळे दिले आहेस, उबदार हात दिले आहेत, मेलेल्या बायकोच्या आठवणी दिल्या आहेत. तो खूश आहे तुझ्यावर. रस्त्यात आई दिसली की टोपी उचलून, जरा वाकून नमस्कार करायचा, चार लोकांना दिसेल असा. त्याला खरं काय ते माहीत होतं. पण त्याने तुझ्या पुस्तकातला शब्दही खोडला नाही. आपल्या वयाच्या बाईचा जीव जडला होता आपल्यावर, ही गोष्ट त्याला परवडण्यासारखी होती. खरी गोष्ट परवडली नसती.

त्याचे डोळे उदास होते की कसे, मला आठवत नाही. मला त्याच्या कचेरीतलं कॅलेंडर आठवतं. त्रेचाळीस सालचं होतं, सत्तेचाळीस उजाडलं तरी कोणी काढलं नव्हतं. मार्चचं पान. एक तारखेला सोमवार होता. मग आठ, पंधरा, बावीस, एकोणतीस. मी ते पान सात आठवडे पाहिलं. भिंतीकडे तोंड केलं की तेच दिसायचं.

कळलं ना तुला? नसेल कळलं तर आणखी सरळ लिहिते. ती बाई मी होते, फोल्कमार.

आता तुला वाटेल, कसं शक्य आहे, मी स्वतः पाहिलं. पाहिलंस, मान्य. काय पाहिलंस तेवढं आठव. तू बारा वर्षांचा होतास, छातीत पाणी झालं होतं, तापाने फणफणत खिडकीखाली पडलेला असायचास. डॉक्टर म्हणाले होते की खोली उबदार राहिली तर पोरगा वाचेल, औषध माझ्याकडे नाही. बाहेर उणे वीस. खोलीतल्या भिंतींवर आतून बर्फ. मी आणि आई रुळांवरून कोळशाचे तुकडे वेचायचो, पण जानेवारीत तिथे इतकी माणसं असायची की दोन तासांनी मूठभर हाती यायचा. संध्याकाळी पाचच्या सुमारास तू उशीवरून मान उचलून खाली बघायचास आणि तुला आईचा तपकिरी कोट दिसायचा, कॉलरला सशाची फर असलेला, डोक्यावरून रुमाल ओढलेला, वखारीच्या फाटकातून आत जाताना. ते तू फार सुरेख लिहिलं आहेस. फक्त एक विसरलास. घरात हिवाळ्याचा कोट एकच होता. माझा आगीत गेला होता, आपल्या जुन्या घराबरोबर. सकाळी आई तो घालून बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घरांचे ढिगारे उपसायला जायची. साडेचारला परत आली की कोट मला द्यायची आणि स्वतः खाली तळघरात गावात तळ ठोकलेल्या इंग्रज साहेबांचे शर्ट धुवायला उतरायची, तिथे भट्टीपाशी कोट लागत नसे. तुला आम्ही सांगत होतो की लिंडे पावाच्या रांगेत उभी आहे. तू पुस्तकात लिहिलंस की आई रात्री जवळ यायची तेव्हा तिच्या हातांना साबणाचा वास यायचा, जणू काही धुऊन टाकायला बघतेय. अरे, ती शर्ट धूत होती. रोज चाळीस शर्ट.

मी एकोणीस वर्षांची होते. ब्रून्स पन्नाशीचा. पहिल्या दिवशी मी नुसता कोळसा मागायला गेले होते. तो म्हणाला, 'मागणारे शंभर येतात गं पोरी. दार लावून घे, थंडी आत येतेय.' मी दार लावलं. याहून जास्त मी तुला लिहिणार नाही, तू कितीही मोकळेपणा मागितलास तरी. हा भाग तुला मिळायचा नाही.

आईला आठवड्याभरात कळलं. मी तिला सांगत होते की रुळांवरून वेचून आणते. पण रुळांवर पडतात ते काळे, फुटके तुकडे. मी आणत होते त्या तपकिरी कोळशाच्या अख्ख्या विटा, कोरड्या, छाप उठलेल्या. एका सकाळी ती शेगडीपुढे उकिडवी बसली होती. एक वीट हातात घेऊन तिने उलटीपालटी करून पाहिली. मी कपडे घालत होते. मला वाटलं, आता मारेल. मनातून वाटत होतं, मारावं. दारात आडवं पडावं, कोट लपवून ठेवावा, काहीही करावं. तू झोपेत खोकत होतास. तिने ती वीट शेगडीत ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'वखारीच्या पुढच्या दाराने जात जाऊ नकोस. टेग्टमायरबाईच्या खिडकीतून दिसतं.'

त्या दिवसापासून मी बाजूच्या फाटकाने जायला लागले. ते फाटक तळमजल्यावरून दिसत नसे. फक्त वरून दिसायचं, तुझ्या खिडकीतून.

ते एक वाक्य मी आईला तेरा वर्षं माफ केलं नव्हतं. मार्चमध्ये तुझा ताप उतरला, तू उठून बसलास, आईने तुला दुधात भिजवून पाव भरवला आणि आनंदाने रडली, तेव्हाही मी तिच्याकडे पाहिलं नाही. बाबा परत आल्यावर आम्ही दोघी त्यांच्यादेखत फार गोड बोलायचो. बाबांना कधी काही कळलं नाही. राइनहोल्ट भेटला, लग्न झालं, आन्नेग्रेट झाली, उटा झाली, मी दर रविवारी आईकडे केक घेऊन जात होते आणि तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. तिने एकदाही तो विषय काढला नाही. मीही नाही. मग तुझं पुस्तक आलं.

शिवणमंडळाच्या त्या बुधवारी संध्याकाळी मी तिला म्हटलं, पुरे झालं, मी फोल्कमारला लिहिते. तिने स्वयंपाकघराचं दार लावलं. 'काय लिहिणार?' म्हणाली. 'तुला दोन मुली आहेत. राइनहोल्ट शाळेत शिकवतो. मला काय आहे? माझी झाली साठ.' मी म्हटलं, पण हे खोटं आहे. तेव्हा ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही. म्हणाली, 'त्या फाटकातून तुला परत बोलवायला मी एकदाही खिडकी उघडली नाही. नाव माझं लागलं ते बरोबरच लागलं. राहू दे.'

आणि मी राहू दिलं. हे तुला लिहायला हवं, नाहीतर मीही तुझ्यासारखीच आपल्या सोयीचं तेवढं लिहिल्यासारखं होईल. मी राहू दिलं, आणि पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. घरी जाताना पाय हलके झाले होते. मुलींना आंघोळ घातली, राइनहोल्टच्या सदऱ्याला बटण लावलं, आणि मनात म्हटलं, तिने केलंच होतं, तिला फेडू दे. दीड वर्ष मी तिच्या आडोशाला उभी राहिले. खाटकाच्या दुकानात बायका थांबायच्या तेव्हा कधीकधी मीही तिथे रांगेत असायचे. त्या मला म्हणायच्या, 'तुमचे काय हाल होत असतील, मुलीच्या जातीला किती लाज.' मी खाली बघायचे. लाजलेली मुलगी होणं शोभायचं मला.

आईने बाहेर पडणं सोडलं. छातीत गाठ लागत होती हे तिला गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच कळलं होतं. डॉक्टरकडे गेली नाही. मला नंतर सांगितलं की बाहेरच्या खोलीत तासभर बसावं लागतं, बायका विणकाम घेऊन बसलेल्या असतात, सुया चालू आणि डोळे आपल्यावर. फेब्रुवारीत मी जबरदस्तीने नेली तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. पुस्तकाने माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं. गाठ तुझ्या पुस्तकाने झाली नाही. पण ती दाखवायला जायला हवं होतं ते आठ महिने तिने स्वयंपाकघरात बसून काढले, ते तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात तिने माझ्याकडून वचन घेतलं की मी तुला कधीही सांगणार नाही. 'त्याला सोसणार नाही,' म्हणाली. 'तो पहिल्यापासून नाजूक.' बघ, तेव्हाही तूच. मी हो म्हटलं. तिचा हात हातात होता, हो म्हटलं.

ते वचन मी मोडते आहे. तिला काय वाटेल याचा विचार केला, पण मग वाटलं की आयुष्यभर तिला काय वाटेल आणि तुला काय सोसेल यातच माझं गेलं. मोडायची ताकद आली ती मात्र तुझ्यामुळे. तू पेला वाजवून उभा राहिलास आणि तिला माफ केलंस त्या दुपारी. तोवर मला वाटत होतं की तू निदान चुकून लिहिलंस, दुःखाने लिहिलंस. त्या दिवशी तुझा चेहरा बघितला. तू फार सुखात होतास, फोल्कमार. तिच्या पेटीवर माती पडून तास झाला नव्हता आणि तू माफीचा केक वाटत होतास. तुझा प्रत्येक श्वास ज्या उबेवर चालला ती कुठून आली, हे तुला माहीत नाही हा तुझा गुन्हा नाही. पण माहीत नसताना तू न्यायाधीश होऊन बसलास. आणि तुझ्या या नव्या पुस्तकात तिला अजून तीनशे पानं माफ करणार आहेस.

गेल्या रविवारी मी राइनहोल्टला सगळं सांगितलं. मुली बाहेर खेळत होत्या. तो वह्या तपासत होता. तांबड्या शाईचं पेन त्याने खाली ठेवलं, शेवटपर्यंत ऐकलं, मग उठून बाहेर गेला. दोन तासांनी आला तेव्हा बूट ओले होते, नदीकडे गेला असावा. दारातच त्याने विचारलं, 'पुरला का तेव्हा कोळसा?' मी म्हटलं, मार्चपर्यंत पुरला. त्याने मान हलवली. तेव्हापासून तो माझ्याशी वाईट वागत नाही. फार जपून वागतो. चहा दिला की आभार मानतो. पाहुण्यांच्या घरी उतरल्यासारखा राहतोय आमच्याच घरात. हे असंच राहणार की बदलणार, मला माहीत नाही. आज मुलींना त्याच्या आईकडे नेतानाही त्याने मला येतेस का विचारलं नाही. मी त्याला दोष देत नाही. आईला हेच टाळायचं होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यासमोर बसते तेव्हा मीच बसलेली असते.

कार्डं आणि फोटो मी पाठवणार नाही. एवढंच कळवायचं असतं तर दोन ओळींत भागलं असतं. हे एवढं लिहिलं त्याचं कारण दुसरं आहे. शुक्रवारी, चोवीस तारखेला, नगरपालिकेने तुझं कादंबरीवाचन ठेवलंय, त्याचं पत्रक काल आमच्या दारात पडलं. 'आपल्या गावचा लेखक' असं वर मोठ्या अक्षरात आहे आणि खाली लिहिलंय की लेखक वखारीचं प्रकरण वाचतील. ब्रून्सने आधीच पुढच्या रांगेतली जागा धरली आहे, शिवणमंडळ सगळंच्या सगळं येणार आहे, टेग्टमायरबाईने नवी टोपी घेतली. मीही येणार आहे. तुझं वाचन संपलं आणि लोक टाळ्या वाजवायला लागले की मी उभी राहीन आणि हे पत्र जे सांगतं ते सांगेन, माझं नाव घेऊन, ब्रून्सचं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तुझ्या आधी तिथे कोणाला कळू नये आणि तुला ते पहिल्यांदा भर सभेत कळू नये, एवढ्यासाठी हे आज टपालात टाकते आहे. तेवढं नातं मी अजून मानते. तुझ्याकडे एकोणीस दिवस आहेत. तूच उभा राहून सांगितलंस तर मी बसून राहीन. आजारी पडलास, गाडी चुकली, काही काम निघालं, तरी सभागृह ठरलंय, माणसं येणारच आहेत. मग मी तुझ्याशिवाय सांगेन.

तुझीच म्हणवणारी,
लिंडे